गाळलेली थरथर

नवऱ्याशी बोलता येत नसेल तर त्याच्याबरोबर चित्र काढा, असं केतकीनं सुचवलं तेव्हा मला हसूच आलं. आम्ही दोघांनी लग्नाआधीपासून दुसरं केलं काय होतं? पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे. माझा नवरा मोरेश्वर समेळ डोळ्यांची आखणी करायचा, आणि मी अंगाचा रंग, पितांबर, दागिने. मी तिथे कामाला लागले तेव्हा तो नुसता मालकाचा मुलगा होता, आणि मी त्याला सरळ अरेतुरे करायचे. लग्न झाल्यावर सासूबाईंनी 'अहो' म्हणायला लावलं. मग घरात अहो आणि कारखान्यात अरे, अशी आमची वाटणी झाली. बोलणं मात्र दोन्हीकडे बेताचंच. आखणी चालू असताना बोलायचं नाही हा सासऱ्यांचा नियम, आणि आमच्याकडे आखणी जवळजवळ वर्षभर चालू.

केतकी त्या हॉस्पिटलातली समुपदेशक. नव्या विमानतळाच्या पलीकडे ते हॉस्पिटल उभं राहिलं, तेव्हा कॅन्सरच्या पेशंटांसाठी आणि त्यांच्या नवऱ्याबायकांसाठी तिथे एक चित्रांची खोलीही काढली होती. केतकीचं वय माझ्या भाचीएवढं. माझं सगळं ऐकून ती म्हणाली, "मग तुम्हाला तर सोपं जाईल, काकू."

सोपं. काय बोलायचं आता.

मोरेश्वरला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, आणि निघाला तोच लिव्हरपर्यंत पोचलेला. पहिल्या औषधानं गाठी थोड्या आकसल्या, पण हाताची बोटं बधिर झाली. ज्या हातानं गणपतीच्या पापणीचा एकेक केस काढला, त्या हातातून पाण्याचा पेला सुटायला लागला. त्याच्या शर्टाची बटणं मी लावायचे आणि तो भिंतीकडे बघत उभा राहायचा. दुसऱ्या औषधाचा काही उपयोगच झाला नाही. खोलीत आम्ही दोघंच असायचो. "पाणी देऊ?" "दे." "पंखा लावू?" "राहू दे." याच्यापुढे गाडी जायची नाही.

एकदाच तो आपणहून बोलला होता. हॉस्पिटलात येताना, गाडीत, पेण मागे पडल्यावर. "या सीझनला कारखान्यात माझ्या पाटावर बसायचंय. आखणी नाही जमली तरी चालेल. नुसता बसेन."

मी म्हटलं, "बसाल की. बरे झालात की बसाल."

बरा नाही झालो तरी, असं त्याला म्हणायचं होतं. मला ते कळलं होतं, आणि कळूनच मी तसं बोलले. त्यानं काच वर केली आणि विषय संपला.

तर त्या खोलीतलं यंत्र. पेशंट लोक त्याला जोडब्रश म्हणायचे. मधे एक दुधी काच उभी. अलीकडे मी, पलीकडे मोरेश्वर. दोघांपुढे कागद, दोघांच्या हातात जाड दांड्याचा ब्रश, आणि ब्रश वरून खाली आलेल्या एका बारीक लोखंडी हाताला अडकवलेला. दांड्याच्या आत दाब मोजणारे सेन्सर. बोटं किती दाबतात, कुठे रेटतात, कुठे अडखळतात, हे सेकंदाला हजार वेळा टिपलं जातं आणि तसंच्या तसं पलीकडच्या ब्रशला पोचतं. मी रेघ डावीकडे नेली की त्याच्या हाताला डावीकडे ओढ लागणार. तो अडला की माझा ब्रश जड होणार. दोघांनी मिळून एकच चित्र काढायचं, दोन कागदांवर.

केतकी म्हणाली, "आजारपणात माणसं एकमेकांशी खोटं बोलतात. प्रेमापोटीच बोलतात. तोंड म्हणतं मी ठीक आहे. पण हाताला खोटं बोलता येत नाही. म्हणून चेहरा दिसायला नको, नुसता हात कळायला हवा."

हाताला खोटं बोलता येत नाही. हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा आठवलंय की विचारू नका.

बाकीची जोडपी काचेच्या कडेनं डोकावून बघायची. बार्शीच्या एक बाई होत्या, त्या तर सारख्या उठायच्या. "अहो, मांजर काढताय की उशी?" असं विचारायच्या आणि त्यांचा नवरा तोंडावरच्या मास्कमधून खो खो हसायचा. मी कधी डोकावले नाही. आमच्या कारखान्यात सासऱ्यांनी घालून दिलेले दोन नियम फार कडक. एक, डोळा आखणाऱ्याच्या हाताकडे बघायचं नाही, बघणाऱ्याच्या नजरेनं हात जड होतो. आणि दुसरा, एकानं धरलेला डोळा दुसऱ्यानं पुरा करायचा नाही. राहिला तर राहिला, ती मूर्ती मोडून माती पुन्हा भिजत घालायची. इतकी वर्षं मी मोरेश्वरकडे पाठ करून बसत आले. त्या काचेशीही तशीच बसले, मान खाली घालून.

पहिल्या दिवशी आम्ही डोळाच काढायला घेतला. दुसरं आम्हाला सुचणार काय? मी पापणीची सुरुवात केली आणि पलीकडून त्याचा हात आला. मी दचकलेच. उकळत्या भातावर झाकण थडथडतं, तसा ब्रश माझ्या हातात थडथडत होता. त्याला जोर नव्हता. थोडा वेळ दिशा होती, मग तीही गेली. मला रडू आवरेना. आणि खरं सांगते, त्याच वेळी असंही वाटलं की कितीतरी दिवसांनी हा माणूस माझ्याजवळ येऊन बसलाय.

पलीकडून त्याचा आवाज आला. "मॅडम, ही थरथर काढता येते का?"

"काढता येते," केतकी म्हणाली. "यंत्रात फिल्टर आहे. पण मी म्हणेन इतक्यात नको. काकूंना तुमचा हात आहे तसा कळू दे."

"नको. आखणीवाल्यानं आपली थरथर दाखवू नये. काढून टाका."

त्याचा मान राहावा म्हणून मी लगेच म्हटलं, "माझ्याही ब्रशातली काढा. मलाही नको." हे अर्धंच खरं. माझाही हात लटलटत होता, आणि मी किती घाबरलेय हे त्याला कळायला नको होतं. आमच्या धंद्यात थरथर म्हणजे कामाचं वाटोळं. ती जिथे दिसेल तिथे पुसायची, एवढंच आम्हाला ठाऊक. दुसऱ्या कुणा जोडप्यानं असं काही मागितलं नव्हतं, असं केतकी नंतर म्हणाली.

फिल्टरला हाताचा चांगला नमुना लागतो. बाकीच्या पेशंटांकडे तो कुठून असणार? आमच्याकडे ढीग होता. परदेशातल्या गिऱ्हाइकांना पाठवायला आम्ही मोरेश्वरच्या आखणीचे व्हिडिओ काढून ठेवायचो. मूर्तीवर शेला रंगवतानाचे माझेही होते. ते सगळे केतकीनं यंत्राला दिले. यंत्र ते बघून शिकलं, की हा हात वळणावर कसा सावकाश होतो, पापणी उचलताना कसा हलका होतो.

पुढच्या खेपेला ब्रश हातात धरला आणि पलीकडून जी ओढ आली ती जुन्या मोरेश्वरची. घट्ट, शांत, कोपऱ्याशी किंचित थांबणारी. मी ती कुठेही ओळखली असती. कागदावर असा डोळा उतरला की नमस्कारच करावा. मला वाटलं, बोटं सुधारतायत. मला वाटलं, आतून उभारी धरतोय हा. पलीकडून तो म्हणाला, "तुझा हात काय छान लागलाय आज." त्या दिवशी आम्ही दोघंही पोटभर जेवलो.

मग डॉक्टर बोंद्र्यांनी आम्हाला समोर बसवलं. सरळ माणूस, आडवळण नाही. "तिसरं औषध आहे. फार थोड्यांना लागू पडतं, आणि फार छळतं. तोंड येईल, रक्त कमी होईल, बराच काळ इथेच राहावं लागेल. दुसरा रस्ता म्हणजे घरी जायचं. दुखणं आम्ही ताब्यात ठेवू. काही महिने मिळतील आणि ते बरे जातील. दोघं बोला आणि मला सांगा."

दोघं बोला. खोलीत आल्यावर मोरेश्वर म्हणाला, "तू म्हणशील तसं." मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." झालं आमचं बोलून.

म्हणून दुसऱ्या दिवशी चित्राला बसताना मी मनाशी ठरवलं, आज हातालाच विचारायचं. तो थकला असेल, त्याला घरी जायचं असेल, तर हात कुठेतरी ढिला पडेल. पडला की मी उठून सांगेन, आम्हाला तिसरं औषध नको, आम्हाला पेणला जाऊ द्या. मी जीव मुठीत धरून वाट बघितली. पापणी झाली, बुबुळ झालं, दुसरा डोळा घेतला. हात कुठेही ढिला पडेना. उलट असा भक्कम, की मला वाटलं हाच मला सांगतोय, घाबरू नकोस, लढू या.

मी बोंद्र्यांना जाऊन हो म्हटलं. मोरेश्वरनंही होकारार्थी मान हलवली.

त्या औषधानं काय केलं ते मी फार सांगत नाही. तोंडाची आतून सालं निघाली. पेज गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. आवाज घशातच राहायचा. पेणला मूर्ती वाळून रंगाला आल्या, कारखान्यातून फोन यायचे, आणि हा माणूस खिडकीतून पार्किंगकडे बघत पडलेला. मला पुन्हापुन्हा वाटायचं, पुरे करावं. पण आठवड्याच्या चित्राला बसलो की पलीकडून तोच हात. त्याला आता चाकाच्या खुर्चीतून आणायचे, ब्रश बोटांना पट्टीनं बांधायचे, आणि तरी हात पहिल्यासारखा. मी म्हणायचे, शरीर गेलं तरी याची जिद्द बघा. मी दिवसभर शेजारी बसून जो माणूस बघत होते त्याच्यावर माझा विश्वास नव्हता, आणि काचेपलीकडच्या हातावर होता.

एका दुपारी चित्र काढताना त्याच्या बाजूचं सलाईनचं मशीन वाजायला लागलं. केतकी नर्सला बोलवायला बाहेर धावली. मशीन वाजतच राहिलं. हातातला ब्रश कागदावर तसाच ठेवून मी उठले, काचेच्या कडेनं वाकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आखणी चालू असताना मोरेश्वरच्या हाताकडे बघितलं.

तो झोपला होता. हनुवटी छातीवर टेकलेली, तोंड उघडं. पट्टीत अडकवलेली बोटं सैल, ब्रश कागदावर कलंडलेला. आणि माझ्या हातातला ब्रश माझ्या हाताला घेऊन डोळ्याचा कोपरा काढत होता. कोपऱ्याशी किंचित थांबला, मग पुढे गेला.

नर्स आली, मशीन बंद झालं. मी केतकीला बाहेर घेतलं. "हा कुणाचा हात आहे?"

तिनं आधी हातातल्या टॅबवर यंत्राचे आकडे बघितले. मग तिच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी वाईट नव्हती, तिनं लपवलं नाही. कानानं कमी ऐकणारा माणूस जसा निम्मं ऐकून बाकीचं अंदाजानं भरतो, तसं ते यंत्र करतं, असं तिनं समजावलं. हात चांगला असेल तर नुसती थरथर गाळायची आणि बाकीचा हात पुढे पाठवायचा. हात अशक्त झाला की जिथे कमी पडेल तिथे शिकलेल्या नमुन्यातून भर घालायची. जितका हात कमी, तितकी भर जास्त. आणि मोरेश्वरच्या हाताचे इतके नमुने त्याच्याजवळ होते की त्याला कधी काही कमी पडलंच नाही. बांधलेल्या बोटांची श्वासाबरोबर होणारी हालचालही त्याला पुरे होत होती. एवढ्यावरून हा माणूस काय काढणार हे ते ओळखत होतं.

"आम्ही औषधाला हो म्हटलं त्या दिवशी?" मी विचारलं. "त्यांचा स्वतःचा हात किती होता?"

"फार थोडा, काकू."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तिला बोलायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण ती नको म्हणत असताना फिल्टर आम्हीच मागून घेतला होता. मी एवढंच म्हटलं, "उद्या तो बंद करून बसायचं. दोन्हीकडचा."

दुसऱ्या दिवशी तो जागा होता, जरा हुशारीत होता. त्याला मी काही सांगितलं नाही. कसं सांगायचं तेच सुचेना. काचेच्या अलीकडे बसले आणि ब्रश धरला. कितीतरी वेळ काहीच आलं नाही. मग आली ती थरथर. पहिल्या दिवसापेक्षा खूप बारीक. तिच्यात दमलेपण होतं, भीती होती, आणि मला ते सगळं इतकं स्वच्छ कळलं की मी दुसऱ्या हातानं तोंड दाबून धरलं. त्यानं एक पापणी धरली. वाकडीतिकडी, अर्ध्यापर्यंत नेली. तिथे हात थांबला.

"हर्षदा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुझा ब्रश बिघडलाय. थरथरतोय."

"बिघडला नाहीये रे. मीच आहे."

त्यानं विचारलं, "घाबरलीयस?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग औषधाचं ठरवायचं होतं तेव्हा? तेव्हा केवढा घट्ट हात होता तुझा. मी मनात म्हणत होतो, ही जरा ढिली पडू दे, की सांगतो, घरी चल म्हणून. तू पडेनास. म्हटलं हिला माझी एवढी आशा आहे, तर मोडायची कशी?"

मी म्हटलं, "मी पण तेच म्हणत बसले होते रे. तू ढिला पडायची वाट बघत होते."

म्हणजे काचेच्या दोन बाजूंना आम्ही दोघं भेदरून बसलो होतो, आणि मधे दोन शिकवलेले हात एकमेकांना धीर देत होते. त्यांनी आपसात ठरवलं आणि आम्ही सह्या केल्या. मी फिल्टरची सगळी गोष्ट त्याला सांगितली. त्यानं चिडायला हवं होतं. तो नुसता म्हणाला, "आपल्याला थरथर चालत नाही ना." मग म्हणाला, "मला घरी ने. पाटावर बसव."

मी काचेला वळसा घालून गेले आणि त्याचा हात हातात घेतला. पुढचा पाऊण तास आम्ही जे बोललो ते आमच्या सबंध संसारात बोललो नव्हतो. ते मी कुणाला सांगणार नाही.

बोंद्र्यांनी सोडायला हरकत घेतली नाही. सकाळी ॲम्ब्युलन्स यायची होती. कारखान्यात मी फोन करून त्याचा पाट धुवून ठेवायला सांगितला. पण त्याच संध्याकाळी ताप भरला. औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार उतरवल्या होत्या, जंतूंना अडवायला शरीरात कुणी उरलंच नव्हतं. त्याला आयसीयूत नेलं, घशात नळी घातली. माझ्या आणि त्याच्या मधे पुन्हा काच आली, या खेपेला आरपार दिसणारी. दोन दिवस मी तिला कपाळ लावून उभी होते. तिसऱ्या दिवशी मी त्याला पेणला आणलं, पण पाटावर बसवायला नाही.

त्याचा हट्ट काही मोठा नव्हता हो. नुसतं बसायचं होतं त्याला. आम्ही तेव्हाच घरी गेलो असतो तर त्या वर्षीचा सगळा सीझन तो दाराशी बसून मूर्ती जाताना बघू शकला असता. हे माझ्या मनातून जात नाही, आणि जायचंही नाही.

त्या वर्षी आखणीला अलिबागकडचा एक कारागीर आणला. मोरेश्वरच्या पाटावर त्याला बसू दिलं नाही. पाटाच्या वर भिंतीला तो शेवटचा कागद लावलाय, अर्ध्या वाकड्या पापणीचा. गिऱ्हाइकं विचारतात, हा पुरा का नाही केला? मी सांगते, आमच्यात करत नाहीत.

गणपती झाल्यावर केतकीचा फोन आला. काकू, एकदा येऊन जा म्हणाली. गेले. खोली तीच, काच तीच. ती चाचरत म्हणाली, "काकांचा हात आमच्याकडे आहे. यंत्रात. कितीतरी नातेवाईक आता माणूस गेल्यानंतरही येऊन बसतात. त्यांना बरं वाटतं. तुम्हाला हवं तेव्हा तुम्ही येऊ शकता."

मी नाही म्हणणार होते. घरून तेच ठरवून निघाले होते. पण खुर्ची समोर दिसली आणि माझे पाय तिकडे वळले. ब्रश हातात घेतला, पापणी धरली, आणि पलीकडून तो आला. घट्ट, शांत, कोपऱ्याशी किंचित थांबणारा. काचेपलीकडे रिकामी खुर्ची आहे हे मला माहीत होतं. तरी मी रेघ पुढे नेली. मी म्हटलं, "केतकी, यात ती थरथर घाल ना थोडी. एवढीशी. शेवटच्या दिवशी होती तशी."

तिनं मान खाली घातली. "ती आमच्याकडे नाहीये, काकू. थरथर आम्ही ठेवत नाही, गाळून टाकतो. आणि शेवटच्या दिवशी फिल्टर बंद होता. तो बंद असला की यंत्र काही टिपून ठेवत नाही."

पापणी अर्ध्यावर आली होती. मी ब्रश सोडला आणि उठले. माझ्यामागे तो लोखंडी हात थांबला नाही. मी अर्धा टाकलेला डोळा त्यानं एकट्यानं पुरा केला.